अक्कांचं स्टूल

अक्का प्रत्येक घाण्याचा पहिला लाडू स्वतः खायच्या आणि मग दारात लोखंडी स्टूल आडवं टाकून त्यावर बसायच्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. तेवढा वेळ शेडमधलं सगळं काम थांबायचं. गॅस बारीक केला जायचा, बायका हात पुसून भिंतीला टेकायच्या, आणि कुणी एक अक्षर बोलायचं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. माझी पुण्यातली नोकरी सुटली होती आणि कामथडीत हायवेपासून जरा आत एका पत्र्याच्या शेडमध्ये नाचणीचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, ज्वारीचा चिवडा असलं काही बनतं, त्यांना ऑर्डरी सांभाळायला शिकलेलं माणूस हवंय, असं कळल्यावर मी भोरहून स्कूटीवर आले होते. दारातच ही साठीची बाई, डोळे मिटून. मला वाटलं, चक्कर आलीय. मी पुढे झाले तर आतून एका बाईने तोंडावर बोट ठेवलं. ती लता, शेडमधली सगळ्यात जुनी कामकरीण. कुजबुजत म्हणाली, “गप ऱ्हावा. अक्कांनी लाडू खाल्लाय.”

ती हे ज्या सुरात म्हणाली, त्याने मी दोन पावलं मागे सरले. बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे उघडले, तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली, पोटावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाल्या, “न्हाई काय झालं. वळा आता.” लगेच बांगड्यांचे आवाज सुरू झाले. मग माझ्याकडे वळून, “तुमी कोन? गाडी उनात लावलीया, टायर फुटंल.”

त्यांचं पूर्ण नाव बायडाबाई. कंपनीला पाटीवर एक नाव होतं, ते आम्ही ठेवलं होतं, पण किकवीपासून वेल्ह्यापर्यंत सगळे म्हणायचे ‘अक्कांचं शेड’. नवरा गेल्यावर त्यांनी घरच्या चुलीवर लाडू वळायला सुरुवात केली, पुढे गावातल्या बायका गोळा केल्या, आणि त्या सगळ्यांच्या त्या मालकीण झाल्या. मालकिणीत जो रुबाब असतो तो मात्र त्यांच्यात औषधालाही नव्हता. अक्का भित्र्या होत्या. साध्यासुध्या नाही, अट्टल भित्र्या.

त्या विंचवाला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, अनोळखी नंबरच्या फोनला भ्यायच्या. पुण्यात एकदा लिफ्टमध्ये बसायची वेळ आली तर पाच मजले जिन्याने चढल्या आणि वर येऊन लिफ्टने आलेल्या आम्हाला हात लावून पाहिलं. गॅसची टाकी बदलताना सगळ्या बायकांना अंगणात काढायच्या. पापडखारावरचं झाकण लावलं की नाही हे बघायला एस.टी.तून उतरून परत यायच्या. इतकं भ्यायला झालं तरी काय, असं विचारलं तर दर वेळी वेगळं कारण सांगायच्या. कधी म्हणे लहानपणी विहिरीत पडले होते, कधी म्हणे आईच भित्री होती. एकदा वैतागून म्हणाल्या, “कारन कशाला लागतंय? भ्या म्हंजी दारातलं कुत्रं. ते भुकतंय म्हनून घरात निजता येतंय.”

मी तेव्हा हसले होते. माझं काम पाकिटांवरचा मजकूर लिहिण्याचंही होतं. मी मोठ्या हौसेने लिहिलं, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. अक्कांनी ते लताकडून वाचून घेतलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “जयू, इंचू बी नैसर्गिकच आसतोय की गं.” मी म्हटलं, अक्का, लोकांना असं आवडतं. “आवडू दे. पर त्येवड्यानं माल चांगला हुत न्हाई. धीट मानूस झाकन उगडं ठेवतो, हे ध्यानात ठेव.” पाकीट तसंच छापलं गेलं. पण ते वाक्य त्यांनी कधी मनापासून चालवून घेतलं नाही. पाकीट हातात आलं की त्या शब्दांवर अंगठा ठेवायच्या.

दिवाळी हा आमचा हंगाम. नवरात्र संपलं की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. भाजलेल्या नाचणीचा वास, गुळाचा वास, खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचे करकर आवाज. पुण्यातल्या सोसायट्या, एक-दोन दुकानं, ओळखीतून आलेल्या ऑर्डरी. वर्षभराची निम्मी कमाई त्या दिवसांत व्हायची. पण सगळ्यात पहिला घाणा विकायचा नाही, हा अक्कांचा नियम. तो वस्तीचा वाटा.

वस्ती म्हणजे वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरात असलेली धनगरांची पंधरा-वीस घरं. आमची नाचणी तिथून यायची. नुसती यायची नाही. तिथल्या बाया ती निवडून, धुऊन, मोड आणून, वाळवून पाठवायच्या, पोतं उघडलं की थेट गिरणीत. त्या कामात मुख्य होत्या ठकूबाई, वयाने अक्कांच्या जोडीच्या आणि स्वभावाने बरोबर उलट्या. बिबट्याला हाकलायला काठी घेऊन एकट्या जाणाऱ्या. दोघींचं पटायचं नाही आणि दोघींना एकमेकींवाचून करमायचंही नाही. पहिल्या घाण्याचे लाडू सुट्टी लागायच्या दिवशी वस्तीच्या शाळेत वाटले जायचे. अक्का म्हणायच्या, “ज्येच्या रानातलं, त्येच्या पोरांच्या तोंडात आदी.”

आणि त्या पोत्यात बिब्बे असायचे. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, बिब्बा म्हणजे काळंभोर कडक फळ, बदामापेक्षा थोडं लहान. धान्यात ठेवतात, दृष्ट लागू नये म्हणून दाराला आणि जनावरांच्या गळ्यात बांधतात. त्याच्या सालीत काळं तेल असतं. ते अंगाला लागलं तर कातडी भाजल्यासारखी सुजते आणि फोड येतात. याला बिब्बा उतणं म्हणतात. लगेच उततो असं नाही, कधी कधी दुसरा दिवस उजाडतो. आमचा टेम्पो पहिल्याच वर्षी वेल्ह्याच्या रस्त्यावर ओढ्यात कलंडला होता. कुणाला काही झालं नाही, पण अक्कांनी ठरवून टाकलं की मालाला नजर लागली. त्यांनीच ठकूबाईंना सांगितलं, “पोत्यात बिब्बं घालून देत जा.” तेव्हापासून दर वर्षी पोत्याच्या तोंडाशी लाल फडक्याची पुरचुंडी यायची, आत पाच बिब्बे. अक्का ती काढून शेडच्या दारावरच्या खिळ्याला टांगायच्या आणि वाट्याबरोबर वस्तीवर परत पाठवायच्या. तिथे वसुबारसेला ते गाईंच्या गळ्यात बांधले जायचे.

त्या वर्षी ऑर्डरी इतक्या होत्या की वाटा घाईत गेला. टेम्पोवाला ज्ञानू सकाळीच लाडवांचे डबे रस्ता संपतो तिथे वस्तीच्या माणसांकडे देऊन परत आला. पुरचुंडी खिळ्यालाच राहिली.

दुपारच्या आधी फोन वाजला. नंबर अनोळखी, म्हणून अक्कांनी नेहमीसारखा तो माझ्याकडे दिला. वस्तीवर रेंज नसते. ठकूबाईंची सून खिंडीत चढून बोलत होती. वाऱ्याचा आवाज, मधेच तुटणारे शब्द. “आत्या इचारत्यात, बिब्बं कसं न्हाई आलं? उद्या वसुबारस हाय. लाडू पोचलं, गुरुजी वाटाया लागल्यात…” आणि फोन बंद.

मी निरोप सांगितला. “आगं बया, इसरलंच की,” म्हणत अक्का उठल्या आणि त्यांनी खिळ्यावरची पुरचुंडी काढली. हातात घेतली आणि थबकल्या. फडक्याला खालून भोक पडलं होतं. उंदराने कुरतडलं नव्हतं. कडा काळ्या, जळल्यासारख्या. बिब्ब्याच्या तेलाने कापड खाल्लं होतं. त्यांनी गाठ सोडून बिब्बे ताटलीत ओतले.

चार होते.

मी अजून डोळे मिटले की ती स्टीलची ताटली मला दिसते. शेडमध्ये पंख्याचा आवाज चालू होता, लताचे हात परातीत तसेच थांबले होते. कुणीतरी खाली वाकून खिळ्याच्या खालची जमीन बघायला लागलं. आम्ही खोकी सरकवली, पोतं उलटं करून झटकलं, टेम्पोचा हौदा झाडला. बिब्बा नव्हता. अक्का मात्र कुठेच शोधत नव्हत्या. त्या सरळ चप्पल न घालता मागच्या आळीतल्या गिरणीत गेल्या, मी त्यांच्यामागे.

गिरणीवाल्याने आठवून पाहिलं. “दळताना एकदा करकरलं खरं,” तो म्हणाला. “म्या म्हनलं, खडा आसंल.”

अक्का तिथूनच मागे वळल्या. परत येताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. पीठ सगळं एका दिवशी दळलेलं, पण पाच पिंपांत भरलेलं. त्यांतल्या कुठल्या पिंपात तो बिब्बा गेला, कुणाला माहीत? पुण्याचा माल शेडमध्येच होता, दुसऱ्या दिवशी निघणार होता. बाहेर गेला होता तो फक्त पहिला घाणा. पहिला घाणा, पोरांचा. मोठ्या माणसाची बोटं सुजवणारी ती गोष्ट लहान पोराच्या घशात उतली तर काय होईल, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो पुढे जाऊच दिला नाही.

लता म्हणाली, “आक्का, तुमी खाल्ला न्हवता का पयला लाडू? तुमाला कुटं काय झालं?”

“म्या एक खाल्ला,” अक्का म्हणाल्या. “येका लाडवात बाकीचं समदं लाडू आसत्यात व्हय?”

एवढी वर्षं स्टुलावर बसून त्या ज्यावर विसंबल्या होत्या, ते त्यांनी एका वाक्यात मोडून टाकलं. मला वाटतं, त्या वेळी सगळ्यात जास्त मी भ्याले ती त्या वाक्याला.

वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, उरलेले लाडू काढून घ्या, ओठ-घसा सुजतोय का बघत राहा, जरा काही वाटलं तर वाट न बघता खाली आणा. अक्कांनी बिब्ब्यावरचा उतारा म्हणून खोबरेलाचा डबा उचलला आणि टेम्पोत चढल्या. एरवी त्या टेम्पोत बसल्या की प्रत्येक वळणाला “ज्ञानू, हळू, बाबा” असं चालायचं, आणि ज्ञानू आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचा. त्या दिवशी नसरापूर मागे पडलं, रस्ता अरुंद झाला, भाताच्या कापणीची माणसं बाजूला सरायला लागली, तरी अक्का गप्प. शेवटी एकदाच बोलल्या, “दामटव.” त्या वळणांना भ्यायच्या थांबल्या होत्या.

रस्ता संपल्यावर चढण होती. अक्का धापा टाकत पुढे आणि मी मागे. शाळेच्या एका खोलीचं पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं, तसा पोरांचा आवाज आला. हसण्याचा आवाज. जवळ गेल्यावर दिसलं, ओट्यावर ओळीने बसून पोरं बोटं चाटत होती.

गुरुजी खुशीत सामोरे आले. अक्कांनी त्यांना ओलांडून पहिल्याच पोराची हनुवटी धरली. “आ कर.” मग दुसऱ्याची. “आ कर, सोन्या. जीब भाईर काड.” पोरांना वाटलं, हा काही खेळ आहे, ती आपापली तोंडं उघडून रांगेत उभी राहिली. मी गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. उरलेले लाडू त्यांनी पोरांच्या हातांतून, दप्तरांतून, खिशांतून काढून घेतले. पोरं रडायला लागली. दिलेलं परत घेतात हे त्यांना समजेना, आणि आम्ही समजावायचं तरी काय?

शेवटी एक मुलगी आली, चंदी नावाची, ठकूबाईंची नात. ती तोंड उघडेना. अक्कांनी तिचे गाल दाबले आणि त्यांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. पोरीचे ओठ, जीभ, दात, सगळं लालभडक. अक्का मट्कन खाली बसल्या. मी ओरडले, ज्ञानूला हाका मारल्या, काय करत होते मला समजत नव्हतं. अक्कांनी बसल्या बसल्या पोरीला मांडीवर ओढलं आणि पदराने तिचे ओठ पुसले. पदर लाल झाला. पुन्हा पुसले. खाली ओठ चांगले होते, सूज नव्हती, काही नव्हतं.

तेवढ्यात ठकूबाई आल्या. नातीच्या तोंडाकडे बघून त्यांनी कमरेची चंची चाचपली आणि पोरीच्या पाठीत धपाटा घातला. “माजं पान खाल्लंस व्हय गं, चोट्टे!”

अक्का हसल्या नाहीत. पोरीला घट्ट धरून त्यांनी ठकूबाईंना बिब्ब्याचं सांगितलं.

ठकूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग गुरुजींनी गोळा केलेल्या लाडवांतून एक उचलला आणि तोंडाकडे नेला. अक्कांनी तो हात मारून उडवला. लाडू ओट्यावरून घरंगळत गेला.

“येड लागलंय का तुला?”

“बिब्बं माजं,” ठकूबाई म्हणाल्या. “बगू दे मला, काय हुतंय ते.”

“मागून घेटलं हुतं म्या. खायाचं आसंल तर म्या खाईन.”

“का? पयला लाडू तूच खायाचा, आसा काय ताम्रपट दिलाय तुला?”

दोघी म्हाताऱ्या समोरासमोर उभ्या, एकीच्या डोळ्यांत पाणी आणि दुसरीच्या डोळ्यांत राग. मला वाटलं, आता मारामारी होते. पण ठकूबाईच वळल्या आणि म्हणाल्या, “चल घरी. बिब्बा उतायचा आसंल तर सकाळपतूर उतंल. तवर हितं बसून काय हुनार?”

आम्ही वस्तीवरच राहिलो. अक्कांनी टेम्पोचं तोंड उताराकडे करून ठेवायला लावलं, मागची फळी पाडून आत गोधड्या पसरल्या. घराघरात जाऊन आयांना सांगितलं, पोरगं खोकलं तरी हाक मारा. एकीने जरा वेडंवाकडं सुनावलं. अक्कांनी ऐकून घेतलं. त्या रात्रीबद्दल मी लिहीत नाही. जे आईबाप आहेत त्यांना ती सांगायला नको.

वसुबारसेची सकाळ झाली. बायांनी गाई-वासरं धुऊन अंगणात उभी केली, त्यांच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. एकेका दारातून पोरं डोळे चोळत बाहेर आली. अक्का खाटेवर बसूनच होत्या. आता पोरांना सवय झाली होती, ती येऊन आपण होऊन तोंड उघडायची. सगळ्यांची तोंडं चांगली होती. शेवटचं पोर बघून झाल्यावर अक्कांनी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही, समोर तर वासरूच उभं होतं.

मी रडले. मला वाटलं, संपलं सगळं. उतरताना मी म्हटलंसुद्धा, “अक्का, सुटलो बाई. गिरणीत करकरला तो खडाच असणार.”

अक्का उतारावर पाय जपून टाकत होत्या. त्यांची भीती पुन्हा जागेवर आली होती. “पोरांनी खाल्लेल्यात न्हवता,” त्या म्हणाल्या. “म्हंजी ऱ्हायलेल्यात हाय.”

आम्ही शेडमध्ये पोचलो तेव्हा पुण्याचा माल भरून तयार होता. दारात खोक्यांची थप्पी, त्यावर रंगीत फिती. अक्कांनी सांगितलं, त्या पिठाचा एक दाणा बाहेर जाणार नाही. बायका बोलायला लागल्या. आणि त्यांचं काय चुकलं? पोरं बरी होती, बिब्बा कुणी बघितला नव्हता, आणि दिवाळी दारात होती. लता तर म्हणाली, “आक्का, तुमी कशाकशाला भ्यायला न्हाई? आता सपनाला बी भ्यायाचं का?” मीही लताच्याच बाजूची होते, हे सांगायला हरकत नाही. अक्कांनी वाद घातला नाही. त्या परात पुढे ओढून बसल्या, हातांना खोबरेल चोळलं आणि एकेक लाडू फोडायला लागल्या.

मी प्लास्टिकचे हातमोजे पुढे केले. त्या म्हणाल्या, “त्यात कवचाचा तुकडा लागत न्हाई बोटाला.” दुसऱ्या कुणाला त्यांनी परातीला हात लावू दिला नाही. चुरा बोटांनी चाचपायच्या, बाजूच्या खड्ड्यात टाकायच्या, माती लोटायच्या. जनावरांनाही घालायचा नाही म्हणाल्या. मी ऑर्डरी रद्द झाल्याचे फोन करत होते. कारण खरंच सांगायचं, हा त्यांचा हुकूम. काहींनी समजून घेतलं, काहींनी फोन आपटले. दाराबाहेर दुसऱ्यांच्या घरातून चकलीचा वास येत होता आणि आमच्या शेडच्या मागे एक मालकीण आपला हंगाम पुरत होती.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी लताचा फोन आला. ती नुसती “लवकर ये, आक्का, आक्का” एवढंच म्हणत होती. मी कशी कामथडीला पोचले मला आठवत नाही. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात त्यांनी समोर धरले होते. बोटं भेंडीसारखी फुगलेली, पंजे लाल, त्यांवर पाण्याने भरलेले फोड, आणि कडांना तो काळपट डाग. मी दाराला धरून उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं, आणि मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं अशा त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडभर हसू.

“गावला गं जयू, गावला!” त्या म्हणाल्या. “हितं हाय. ह्या हातात हाय. पोरांच्यात न्हाई.”

ती पाकिटं पुण्यातल्या घराघरांत जाऊन फुटली असती. कुठल्या तरी सोसायटीत, कुठल्या तरी पोराने. मी अक्कांच्या शेजारी बसले. लता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडत होती. दिवाळी आमच्याकडे त्या वर्षी अशी झाली.

हात बरे झाले, पण डाग राहिले. कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला अक्का ते हात दाखवायच्या, जसं दुसरं कुणी प्रशस्तिपत्र दाखवेल. “ह्यो बी नैसर्गिकच,” असं म्हणून माझ्याकडे बघायच्या. मी पाकिटावरचे ते शब्द काढून टाकले. कंपनी एक वर्ष लंगडत चालली, मग हळूहळू सावरली. वस्तीची नाचणी पुन्हा यायला लागली, पण आता वस्तीवरून आलेली असली तरी चाळणीतून गेल्याशिवाय गिरणीत जात नाही. पोत्यात बिब्बा नसतो. ठकूबाईंनी निरोप पाठवला होता, “नजर लागली तर लागू दे, टेम्पो पुना हुबा करता येतो.” वस्तीचा वाटा बंद झाला नाही. तो घेऊन अक्का स्वतः जायच्या, आणि पोरं त्यांना बघितल्याबरोबर लाडवाच्या आधी ‘आ’ करायची.

अक्का मागच्या पावसाळ्यात गेल्या. दुपारी जेवल्या, जरा आडवी होते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. आयुष्यभर सगळ्याला भ्यायलेली बाई मरणाला भ्यायची राहूनच गेली. लता म्हणाली, भ्यायला वेळच दिला नाही त्यांना कुणी. मला मात्र त्यांच्यावर राग आला होता. दारातलं कुत्रं घेऊन गेल्या आणि आम्हाला उघड्या दारात टाकलं, असं वाटायचं.

तेराव्याला वस्तीवरून माणसं आली. पावसात भिजत, इरली डोक्यावर घेऊन, ठकूबाई पुढे. त्यांच्या सुनेच्या डोक्यावर डबा होता. त्यांनी स्वतः, आपल्या चुलीवर नाचणीचे लाडू करून आणले होते. गोडाच्या दिवशी बायडीच्या बायकांचं तोंड आमच्या हातनं गोड व्हावं, असं ठकूबाई म्हणाल्या. झाकण उघडलं. वास आला. आम्ही सगळ्या तिथं उभ्या, आणि कुणाचाही हात पुढे होईना. स्टूल दाराशी, भिंतीला टेकवून ठेवलेलं. प्रत्येकीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मला पुढे व्हायचं होतं. माझे पाय हलले नाहीत. मी भ्याले होते, खरोखर, एका लाडवाला.

ठकूबाईंनी आमच्याकडे पाहिलं. मग गेल्या, स्टूल ओढलं, दारात आडवं टाकलं, डब्यातला एक लाडू उचलून सावकाश खाल्ला आणि बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. लताने माझा हात धरला. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून, श्वास रोखून, त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

“न्हाई काय झालं,” ती म्हणाली. “खावा आता.”